टेक्सासला जाणाऱ्या मुलीसाठी मेनिंजायटिसची लस: कुणी घेतलीय का? आणि खरंच लागते का?

पिंपळपान (१२ जून, रात्री १०:१०)

नमस्कार मंडळी. लेक ऑगस्टमध्ये एमएसला टेक्सासला निघालीय. व्हिसा झाला, तिकीट झालं, कुकर न्यायचा की नाही यावरून घरात दोन तट पडलेत. त्यात काल विद्यापीठाची मेल आली, मेनिंजायटिसच्या लसीचा दाखला पोर्टलवर चढवल्याशिवाय कोर्सची नोंदणी उघडणार नाही म्हणून.

आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते सत्तरीचे आहेत, लेकीला पाळण्यात असल्यापासून ओळखतात. म्हणाले, "आपल्याकडे कोण घेतंय ती! पण मागितलीय तर मागवू." दोन मेडिकलवाल्यांकडे ती नव्हतीच. तिसऱ्यानं "मेंदूज्वराची ना?" म्हणत फ्रीजमधून जपानी मेंदूज्वराची काढली. नशीब मी चष्मा लावून गेले होते.

लेक २१ ची आहे, ऑक्टोबरात २२ पूर्ण होतील. लहानपणच्या सगळ्या लसी झाल्यात, पिवळी फाइल अजून जपून ठेवलीय. मग ही वेगळी कशाला? पुण्यात कुठे मिळते, किती पैसे पडतात, ताप येतो का? आणि मनातलं विचारायचं तर, हे नुसतं कागद भरायचं काम आहे की त्यात खरंच काही तथ्य आहे?

चहा_कमी_साखर (१२ जून, रात्री १०:१४)

कुकर न्या.

भोचक_भवानी (१२ जून, रात्री १०:२१)

+१. आणि शिट्टी हँडबॅगेत ठेवा. माझ्या पुतण्याचा कुकर पोहोचला, शिट्टी मुंबईतच राहिली. वर्षभर भातासाठी पातेलं वापरत होता.

मुक्काम_डॅलस (१२ जून, रात्री ११:०५)

पिंपळपानताई, काही राज्यांत हे विद्यापीठागणिक बदलतं, पण टेक्सासात हा राज्याचा कायदाच आहे. २०१२ पासून हॉस्टेलात राहणाऱ्या-न राहणाऱ्या सगळ्याच नव्या विद्यार्थ्यांना तो लागू झाला. आधी वयाची अट ३० होती, पुढे ती २२ वर आणली. सत्राच्या पहिल्या दिवशी २२ पूर्ण असतील तर दाखला लागत नाही. तुमची लेक दोन महिन्यांनी हुकली :)

लस गेल्या पाच वर्षांतली हवी, आणि सत्र सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली हवी. हे दहा दिवस विसरू नका. आमच्याकडे दर ऑगस्टात एखादा देसी मुलगा विमानातून उतरून थेट फार्मसीत धावतो, लस घेतो, आणि मग नोंदणीसाठी ताटकळत बसतो. तोवर चांगले कोर्स भरून गेलेले असतात.

इथे विम्याशिवाय घ्यायला गेलात तर जो आकडा सांगतील तो रुपयांत करून बघू नका. तिकडूनच घेऊन या.

गावठी_तर्क (१३ जून, सकाळी ७:३०)

म्हणजे २२ पूर्ण झाले की जंतू ओळखपत्र बघून परत जातो का? २१ वर्षं १० महिन्यांच्या मुलीला धोका आहे आणि २२ वर्षांच्या मुलाला नाही, हे शास्त्र आहे की दुकानदारी? माझा लसींना विरोध नाही, पोरांना सगळ्या दिल्यात. पण जिथे तिथे सक्ती आली की मला वास येतो. आपण हॉस्टेलात चार-चार वर्षं काढली, एका खोलीत पाच जण होतो. कुणाला काय झालं?

स्टेथो_आणि_मी (१३ जून, दुपारी २:४०)

ओपीडी संपवून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी नावाचा घोळ. आपण मराठीत "मेंदूज्वर" या एका पिशवीत सगळं कोंबतो. जपानी मेंदूज्वर विषाणूचा, डासांमार्फत येतो. त्यात मेंदूलाच सूज येते. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांचा दाह, आणि त्याची कारणं डझनभर आहेत. क्षयाचे जंतू, न्युमोकोकस, हिब, विषाणू, बुरशीसुद्धा. पिंपळपानताई, तुमच्या पिवळ्या फाइलमधली बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेनिंजायटिसपासून वाचवते. हिब घेतली असेल तर ती हिबपासून. विद्यापीठ मागतंय ती मेनिंगोकोकस नावाच्या तिसऱ्याच जंतूवरची आहे. ती आपल्या राष्ट्रीय लसीकरणात नाही, त्यामुळे फाइलमध्ये सापडणार नाही. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं म्हणूनच चूक नाही. आपल्याकडे ती ठरावीक धोक्याच्या लोकांना देतात. प्लीहा काढलेले, काही प्रतिकारशक्तीचे आजार असलेले, प्रयोगशाळेत या जंतूवर काम करणारे, हजयात्रेकरू आणि परदेशी शिकायला जाणारे.

मेनिंगोकोकसच्या जाती आहेत. ए, बी, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या मुख्य. तुम्हाला हवी ती "एसीडब्ल्यूवाय", चौघांवरची. या वयात निरोगी मुलीला एक डोस पुरे. अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला आठदहा दिवस जातात, डॅलसकरांनी सांगितलेले दहा दिवस त्यासाठी. चारपाच वर्षांनी जोर ओसरतो, म्हणून पाच वर्षांची अट.

गावठी_तर्क, वयाचा प्रश्न तुम्ही खवचटपणे विचारला असला तरी प्रश्न बरोबर आहे. हा जंतू साधारण दहातल्या एकाच्या घशात गुपचूप राहत असतो, काही न करता. पौगंडावस्थेत आणि विशीच्या आसपास हे प्रमाण आणखी वाढतं. ठिकठिकाणची पोरं पहिल्यांदा एका छपराखाली येतात, एकमेकांच्या तोंडाशी तोंड आणून बोलतात, रात्र रात्र जागतात, पार्ट्या करतात. घशातला जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि लाखात एखाद्याच्या बाबतीत रक्तात उतरतो. कुठल्या वयापाशी रेघ मारायची हा मात्र कायदेमंडळाचा निर्णय. जंतूला ती रेघ दिसत नाही, कबूल.

आणि हो, आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेत वर्षाला काही शे रुग्ण, तेही ३३ कोटींत. पण ज्याला होतो त्याला वेळ मिळत नाही. सकाळी सर्दीताप वाटतो आणि रात्री आयसीयू. उपचार मिळूनही शंभरात दहा ते पंधरा दगावतात. जगतात त्यांतल्या पाचातल्या एकाला काहीतरी कायमचं राहतं. बहिरेपण, फिट्स, कधी हातापायाची बोटं किंवा पायच गमावणं.

गावठी_तर्क (१३ जून, दुपारी ३:०२)

डॉक, "काही शे" आणि ३३ कोटी हे तुम्हीच लिहिलंत. यापेक्षा तिथे गाडीखाली यायची शक्यता जास्त.

स्टेथो_आणि_मी (१३ जून, दुपारी ३:१०)

जास्तच आहे. गाडीवर लस निघाली की तीही लिहून देईन.

मिरजवाला (१३ जून, रात्री ९:१५)

गंमत वाटली वाचून. तुम्ही लोक जिला शोधताय ती लस आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. अम्मी-अब्बा हजला गेले तेव्हा जिल्ह्याच्या शिबिरात रांगेत बसून टोचून घेतली, वर पोलिओचे दोन थेंब. अब्बा म्हणाले, "सत्तराव्या वर्षी पोलिओ पाजला, आता पाळण्यात घाला."

सौदीत हा दाखला असल्याशिवाय हजचा व्हिसा नाही, आणि तिथेही पोहोचण्याच्या दहा दिवस आधीचाच नियम आहे. यामागे अनुभव आहे. १९८७ च्या हजमध्ये ए जातीची मोठी साथ आली होती, तेव्हा लस सक्तीची केली. मग २००० मध्ये डब्ल्यू जातीनं डोकं वर काढलं आणि हाजी मंडळींबरोबर ती युरोपपर्यंत घरोघर पोहोचली. त्यानंतर चारही जातींची लस मागायला लागले. मुद्दा काय, वीसेक लाख माणसं एका जागी, तंबूत खांद्याला खांदा लावून. तुमचं ते हॉस्टेल म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती.

ताई, पुण्यात मेडिकलमध्ये हिंडू नका. ट्रॅव्हल क्लिनिक किंवा मोठ्या रुग्णालयाचा लसीकरण विभाग गाठा, फोन करून मागवून ठेवायला सांगा.

वऱ्हाडी_ठेचा (१३ जून, रात्री ९:५०)

मेंदूज्वर म्हटलं की आमच्या विदर्भात अंगावर काटा येते. ते जपानीवालं वेगळं, पण आमचं घरचंही एक आहे. चांदीपुरा व्हायरस. नाव कुठून आलं माहीत आहे का? नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून, १९६५ मध्ये तिथं सापडला म्हणून. वाळूमाशी चावल्यानं होते, लहान पोरं एका दिवसात जातात. त्यावर अजून लसच नाही. तुमच्या आजाराची निदान लस तरी आहे न बाप्पा, घेऊन टाका.

साबुदाण्याचा_दाणा (१३ जून, रात्री १०:३०)

आमची आजी कुणाच्या उष्ट्या भांड्याला हात लावू द्यायची नाही, पाणी वरून प्यायला लावायची. तेव्हा सोवळं म्हणून हसायचो. आता कळतंय तिला मेनिंगोकोकस माहीत होता ;)

स्टेथो_आणि_मी (१३ जून, रात्री १०:४४)

आजींना नमस्कार, पण उष्ट्या पेल्यापेक्षा जवळून खोकणं-शिंकणं, चुंबन आणि एका खोलीत झोपणं यातून हा जास्त पसरतो. यातलं दुसरं आजींनी कसं थांबवलं ते विचारत नाही.

ओसरी (१४ जून, पहाटे १:२०)

मी इथे सहसा पाककृतींच्या धाग्यांवरच असतो. हा धागा दोनदा उघडला, दोनदा बंद केला. "हॉस्टेलात कुणाला काय झालं" वाचल्यावर लिहायला बसलोय.

मला झाला होता. १९९४, डिसेंबर. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका हॉस्टेलात आम्ही खोलीत चौघं. सकाळी डोकं दुखायला लागलं. सबमिशन होतं, खोलीतल्यांना वाटलं नाटक करतोय. दुपारी ताप. एका डॉक्टरांनी फ्लू म्हणून गोळ्या दिल्या, त्यांना दोष देत नाही, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. संध्याकाळी मेसच्या ताटातली आमटी पाहूनच उलटी झाली. खिडकीतून हॅलोजनचा उजेड येत होता, तो डोळ्यांत सुईसारखा घुसायचा. मी ओरडून खिडकीवर चादर टाकायला लावली.

रात्री अकराच्या सुमारास खोलीतला सोलापूरचा मित्र पांघरूण नीट करायला आला. माझी पोटरी बघून म्हणाला, "अरे, तुला ढेकणं किती चावलीत!" आमच्या खाटांत ढेकूण होतेच. पण त्यानं बोटानं दाबून पाहिलं तर ठिपके जाईनात. ढेकणाचा चट्टा दाबला की फिका होतो. हे लाल ठिपके तसेच राहिले, आणि तासाभरात जांभळे झाले. मान उचलायला सांगितली तर मला उचलता येईना. तो काही डॉक्टर नव्हता. त्याला भीती वाटली एवढंच. मेसच्या मालकाची जीप काढून त्यानं मला हॉस्पिटलात नेलं. पुढचं मला तुटक आठवतं. कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन पाठीतून पाणी काढलं. एरवी ते निवळशंख असतं म्हणतात. डॉक्टरांनी नळी ट्यूबलाइटसमोर धरली, तेव्हा आत तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसत होतं.

चौदा दिवस होतो. खोलीतल्या तिघांना खबरदारी म्हणून गोळ्या खायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी नारिंगी झाली. एक जण रडत घरी फोन करायला पीसीओवर पळाला होता, "मलापण झालाय" म्हणत. गोळीचाच रंग तो. ही गोष्ट आम्ही अजून प्रत्येक गेट-टुगेदरला काढतो.

डावा कान गेला. पूर्ण. तीस वर्षं झाली. हॉटेलात गेलो की मी टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची पकडतो, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे येतात. रस्त्यानं बायको नेहमी उजवीकडून चालते, तिला आता विचारही करावा लागत नाही. आवाज कुठून आला ते मला कळत नाही. कुणी मागून हाक मारली की मी गोल फिरतो, मुलं हसतात.

गावठी_तर्क, राग नाही. आमच्या हॉस्टेलात साडेतीनशे पोरं होती, झाला मला एकट्यालाच. तुमच्या हॉस्टेलात कुणालाच नाही झाला. दोन्ही खरंच आहे.

चहा_कमी_साखर (१४ जून, सकाळी ६:५०)

ओसरीदादा... सहा वर्षं तुमच्या कडबोळ्यांची कृती वापरतोय. काही माहीतच नव्हतं.

गावठी_तर्क (१४ जून, सकाळी ८:१०)

ओसरी, तुमच्यापुढे आकडे काय मांडणार. लस घेऊ नका असं मी म्हणालोच नव्हतो, सक्तीचं म्हणत होतो आणि ते अजून म्हणतोय. टेक्सासच्या त्याच कायद्यात सद्सद्विवेकाच्या कारणानं प्रतिज्ञापत्र देऊन सूट घेण्याचीही सोय आहे. ती वाट आहे एवढं सगळ्यांना माहीत असावं.

मुक्काम_डॅलस (१४ जून, सकाळी ८:४०)

आहे. पण एक लस टोचून घेण्यापेक्षा नोटरी, फॉर्म आणि विद्यापीठाशी पत्रव्यवहार यात जास्त दिवस जातात. आणि तिकडे साथ आली की सूटवाल्याला आधी बाजूला बसवतात.

स्टेथो_आणि_मी (१४ जून, दुपारी १:५५)

ओसरी, तुमच्या त्या मित्रानं दाबून पाहिलं, तेच आम्ही काचेच्या पेल्यानं करायला शिकवतो. पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबायचा. आरपार बघून ठिपके दिसतच राहिले तर वाट बघत बसायचं नाही. सावळ्या कातडीवर ठिपके पटकन कळत नाहीत, तेव्हा तळहात, तळपाय, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू बघायची. पण ठिपके नाहीत म्हणजे काही नाही, असंही नाही. कित्येकांना ते उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ताप, फोडणारी डोकेदुखी, उलटी, उजेड सहन न होणं, मान अवघडणं, गुंगी. यातलं दोनतीन एकत्र आलं तर तडक इमर्जन्सीत. ताई, लेकीला हे तोंडपाठ करून पाठवा. लस घेतली तरी. कारण चौघांच्या लसीत बी जात नाही.

दोन_बोटं_कमी (१४ जून, रात्री ८:२०)

डॉक, बी चा उल्लेख केलात म्हणून. २०१३ मध्ये मी न्यू जर्सीत होतो. प्रिन्स्टन विद्यापीठात वर्षभरात सातआठ जणांना मेनिंजायटिस झाला, सगळ्यांना बी जातीचा. बहुतेकांनी चौघांची लस घेतलेली होती, ती इथे कामाचीच नव्हती. बी वरची लस तेव्हा युरोपात मंजूर होती, अमेरिकेत नव्हती. शेवटी सरकारच्या खास परवानगीनं ती बाहेरून आणून डिसेंबरात हजारो विद्यार्थ्यांना टोचली. पुढच्या मार्चमध्ये दुसऱ्याच विद्यापीठातली एक मुलगी वारली, ती प्रिन्स्टनच्या मुलांच्या संपर्कात आली होती. म्हणजे लस घेतलेल्यांच्या घशातही जंतू मुक्कामाला असू शकतो.

आता तिथे बी ची लस मिळते, त्या चौघांत बी धरून पाच जातींची एकत्रसुद्धा निघालीय. माझ्या भाचीसाठी भारतात बी ची शोधली तेव्हा मिळाली नव्हती. तिनं तिकडे गेल्यावर विद्यापीठाच्या दवाखान्यात विचारून घेतली. दोन डोस लागतात आणि दोन्ही एकाच कंपनीचे हवेत, अदलाबदल चालत नाही.

टेम्सकाठची (१५ जून, पहाटे ३:१०)

इंग्लंडला येणाऱ्यांसाठी: इथे चौघांची लस फुकट आहे. २००९ पासून डब्ल्यू जातीचे रुग्ण वाढत गेले, म्हणून २०१५ च्या ऑगस्टपासून किशोरांना आणि विद्यापीठात नव्यानं येणाऱ्यांना द्यायला लागले. पंचविशी गाठली नसेल तर बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांनाही मिळते. त्यासाठी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं. आमची पोरं बँक खातं पहिल्या दिवशी उघडतात आणि जीपीची नोंदणी आजारी पडल्यावर करतात. जमत असेल तर भारतातूनच दोन आठवडे आधी घेऊन या, कारण इथे पहिल्या आठवड्यातच सगळ्या पार्ट्या असतात. मग महिनाभर अख्खं विद्यापीठ खोकत असतं.

हडपसरचा_पाहुणा (१५ जून, दुपारी १२:३०)

पुणेकरांनो, लाज वाटू द्या. पिंपळपानताई कोथरूडात मेडिकल पालथी घालतायत आणि मेनिंजायटिसच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या मोहिमेची लस आपल्या हडपसरात बनलीय.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टाच आहे, मेनिंजायटिस पट्टा म्हणतात त्याला. कोरड्या हंगामात धुळीचे वारे सुटले की साथ. ए जातीनं तिथे हजारोंनी माणसं मारली. मोठ्या कंपन्यांना त्या बाजारात रस नव्हता, कारण त्या देशांना परवडेल ती किंमत डोसाला अर्धा डॉलर. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही ना-नफा संस्था यांच्याबरोबर सीरम इन्स्टिट्यूटनं ते अंगावर घेतलं. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून सुरुवात झाली आणि पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ती लस मिळाली. त्या पट्ट्यातून ए जात जवळजवळ नाहीशी झाली. आता पाच जातींची आलीय, एक्ससकट. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, २०२४ मध्ये नायजेरियानं सगळ्यांत आधी वापरली.

१९६६ मध्ये पूनावालांच्या घोड्यांच्या रक्तद्रवापासून सुरू झालेला कारखाना आहे तो. मी रोज सकाळी त्याच ट्रॅफिकमध्ये अडकतो.

भोचक_भवानी (१५ जून, दुपारी १२:४१)

म्हणजे नायजेरियातल्या मुलाला हडपसरची मिळते आणि कोथरूडच्या मुलीला ऑर्डर द्यावी लागते. छान.

स्टेथो_आणि_मी (१५ जून, दुपारी २:२०)

यात उपहासाचं काही नाही हो. जिथे आग तिथे बंब. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये ए जातीच्या साथी आल्या, तेव्हा आपल्याकडेही धावपळ झाली होती. एरवी आपल्या बाळांना गोवर, न्युमोकोकस, रोटा यांचा धोका कितीतरी जास्त, सरकारचा पैसा तिकडे जातो. ते बरोबरच आहे.

ताई, एक राहिलं. फॉर्मवर क्षयाची चाचणीही असेल. एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेला) डोस बाकी असेल तर मँटू, म्हणजे क्षयाची कातडीत टोचून करायची चाचणी, त्याच्या आधी किंवा त्याच दिवशी करा. एमएमआर आधी टोचली तर मँटूसाठी चारसहा आठवडे थांबावं लागतं. आणि आपल्या बीसीजी घेतलेल्यांच्या हातावर मँटू बीसीजीमुळेही फुगू शकते, विद्यापीठ चालवून घेत असेल तर रक्ताची चाचणी करा. मेनिंजायटिसची इतर लसींबरोबर त्याच दिवशी चालते, दुसरा दंड द्यायचा.

पिंपळपान (९ जुलै, संध्याकाळी ७:४५)

मंडळी, आज टोचली! मिरजवाल्यादादांचा सल्ला ऐकला, एका ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये आठवडाभर आधी सांगून मागवली. साडेपाच हजारांच्या आसपास गेले. सिस्टरबाईंनी बाटलीवरची मुदत आम्हाला वाचून दाखवली, मग टोचलं, आणि बाटलीवरचा स्टिकर कार्डावर चिकटवून सही-शिक्का दिला. पंधरा मिनिटं बसायला सांगितलं. लेक म्हणाली, मी ठीक आहे, जाऊ. उभी राहिली आणि भिंतीला टेकली. सिस्टर म्हणाल्या, "म्हणूनच बसवतो, या वयाची पोरं सुईपेक्षा सुईच्या विचारानं पडतात." लिंबू सरबत पाजलं. दंड दुखतोय, ताप नाही.

ओसरीदादा, तुमची पोस्ट तिला वाचायला दिली होती. काही बोलली नाही. नंतर बघितलं तर नेण्याच्या सामानात काचेचा एक पेला ठेवलाय, जुन्या ओढणीत गुंडाळून.

ओसरी (९ जुलै, रात्री ११:३०)

फुटेल. तिथे मिळतो. पण ठेवू दे.

पिंपळपान (२४ जुलै, रात्री ९:०५)

पुन्हा मीच. पोर्टलनं दाखला नाकारला!! "तारीख भविष्यातली आहे." तासभर डोकं खाजवलं तेव्हा कळलं. कार्डावर ०९/०७ लिहिलंय. आपली ९ जुलै, त्यांची ७ सप्टेंबर.

मुक्काम_डॅलस (२४ जुलै, रात्री ९:१२)

अरे देवा, हे सांगायचं राहिलं. दरवर्षी होतं. डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहून, खाली सही-शिक्का घेऊन पुन्हा चढवा. स्वतः खाडाखोड करू नका, लगेच नाकारतात.

पिंपळपान (२९ जुलै, दुपारी ४:००)

झालं! हिरवी खूण आली. नोंदणी उघडली. तिला हवा तो कोर्स भरला होता, पण प्रतीक्षा यादीत तिसरी आहे. कुकर जातोय, तीन लिटरचा.

निवांत_नाशिक (३० जुलै, सकाळी १०:२०)

धागा वर काढतोय. मी पण टेक्सासला, २३ पूर्ण, त्यामुळे मला दाखला लागत नाही असं पोर्टल म्हणतं. चौघं मिळून दोन खोल्यांचं घर घेतलंय. डॉक, नियम नसेल तर घ्यावी का? घरचे म्हणतात साडेपाच हजारांत दोन स्वेटर येतील.

गावठी_तर्क (३० जुलै, सकाळी १०:४५)

टेक्सासला स्वेटर कशाला? लस घे.

स्टेथो_आणि_मी (३० जुलै, दुपारी ३:१५)

गावठी_तर्कांच्या वरच्या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

निवांत, तुला धोका लहान आहे, हॉस्टेलातल्या अठरा वर्षांच्या पोरापेक्षाही थोडा कमीच. पण नव्या देशात, चौघांच्या घरात, पहिल्या सत्रात जातोयस. माझा मुलगा असता तर दिली असती. पैशांची ओढाताण असेल तर एमएमआर आणि टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला) आधी पूर्ण कर, ही त्यानंतर. निघायला किती दिवस आहेत?

निवांत_नाशिक (३० जुलै, दुपारी ३:२२)

सतरा.

निवांत_नाशिक (१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०)

घेतली. डावा दंड दगड झालाय. तारीख अक्षरात लिहून घेतली, सिस्टरनं विचारलं, "बँकेचा चेक आहे का?"